घटक ५ : वंध्यत्व, पौरुष आणि कुटुंबसत्ता (प्रेम व दांपत्यविषयक नाट्यकृतींच्या आधारे)

५.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अध्ययनानंतर आपल्याला पुढील गोष्टी साध्य होतील :

• 'वंध्यत्व' आणि 'नपुंसकत्व' या संकल्पनांतील भेद सांगता येईल.
• अपत्यहीनतेविषयीच्या मराठी शब्दांतून व्यक्त होणारी स्त्री-पुरुष विषमता स्पष्ट करता येईल.
• 'येर्मा', 'गिधाडे' आणि 'अनाहत' या कलाकृतींची या दृष्टीने तुलना करता येईल.

५.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, रूढ प्रेमकथा बहुधा विवाहापाशी येऊन थांबते. विवाहानंतर मात्र कुटुंब एक निराळाच प्रश्न विचारू लागते : पाळणा कधी हलणार? दोन व्यक्तींच्या प्रेमात या प्रश्नाने घर, कुळ, देवदेवस्की आणि शेजारपाजार असे सगळेच शिरतात. म्हणूनच अपत्यहीन दांपत्य हा नाट्यलेखनाला सतत आकर्षित करणारा विषय ठरला आहे.

हा विषय आपल्यापैकी काहींच्या घरातलाही असू शकेल, याची जाणीव ठेवूनच हा घटक लिहिला आहे. स्वाध्यायात स्वतःचा अनुभव लिहिण्याची सक्ती कोठेही नाही.

५.३ शब्दांची वाटणी

प्रथम आपण भाषेकडे पाहू. मूल न झालेल्या स्त्रीला मराठीत 'वांझ', 'वांझोटी' म्हटले जाते. 'वांझोटा' हे पुल्लिंगी रूप व्याकरणदृष्ट्या उपलब्ध आहे; पण ते पुरुषाला सहसा लावले जात नाही. 'वांझोटा आशावाद', 'वांझोटा राग' अशा अमूर्त गोष्टींसाठी ते राखून ठेवले गेले आहे. पुरुषासाठी वापरला जाणारा शब्द 'निपुत्रिक'. हा शब्द देहाला दोष देत नाही, केवळ परिस्थिती सांगतो. आणि ती सांगतानाही पुत्राचाच उल्लेख करतो, कन्येचा नाही.

आता दुसरी बाजू पाहा. 'नपुंसक', 'षंढ', 'नामर्द' हे शब्द मुळात लैंगिक असमर्थतेशी निगडित आहेत. व्यवहारात मात्र ते भित्र्या, निष्क्रिय पुरुषाला दिलेली शिवी म्हणून वापरले जातात. संभोगाची क्षमता, अपत्यनिर्मितीची क्षमता आणि धैर्य या तीन वेगळ्या गोष्टी त्यांत एकवटतात. परिणामी, लैंगिकदृष्ट्या समर्थ असूनही ज्याला मूल होऊ शकत नाही, अशा पुरुषासाठी बोलीत स्वतंत्र शब्दच उरत नाही. भाषाविज्ञानात अशा अभावाला आपण 'कोशगत पोकळी' म्हणू. शब्द नाही म्हणून विचार करता येत नाही, असे नव्हे. परंतु जे सांगताना शिवीच वापरावी लागते, ते सांगण्याचे माणूस टाळतो.

वैद्यकशास्त्र ही सरमिसळ मान्य करत नाही. बारा महिने वा अधिक काळ नियमित व असंरक्षित संबंध असूनही गर्भधारणा न होणे, ही वंध्यत्वाची प्रचलित व्याख्या आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगातील दर सहा प्रौढांपैकी सुमारे एकाला आयुष्यात कधीतरी हा अनुभव येतो. कारण स्त्रीमध्ये असू शकते, पुरुषामध्ये असू शकते, दोघांमध्ये असू शकते किंवा सापडतही नाही. वीर्यात शुक्रजंतू नसलेला पुरुष अन्य सर्व दृष्टींनी निरोगी असू शकतो.

> स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न १
> 'वांझ' आणि 'निपुत्रिक' या शब्दांतील अर्थभेद तीन-चार वाक्यांत लिहा.

५.४ बीज आणि क्षेत्र

शब्दांच्या या वाटणीमागे एक जुने रूपक आहे. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात स्त्रीला क्षेत्र म्हणजे शेत आणि पुरुषाला बीज म्हटले आहे. मानववंशशास्त्रज्ञ लीला दुबे यांनी १९८६ मधील आपल्या प्रसिद्ध निबंधात या रूपकाचे विश्लेषण केले. बीज ठरवते की पीक कोणते यायचे. जमीन ते केवळ पोसते. त्यामुळे स्त्रीचे श्रम मान्य होऊनही अपत्यावरचा हक्क पित्याकडे जातो, हे त्यांनी दाखवून दिले.

या रूपकात एक विसंगती आहे. पीक आले, तर श्रेय बीजाचे. आले नाही, तर दोष जमिनीचा. आणि पतीकडे बीजच नसेल तर? त्यासाठी 'नियोग' ही सोय होती. अन्य पुरुषापासून झालेला पुत्र 'क्षेत्रज' ठरे आणि शेत ज्याचे, त्याचाच तो मानला जाई. मनुस्मृती नियोगाचे नियम सांगते आणि लगेच त्याचा निषेधही करते. महाभारतात कुंतीचे आणि माद्रीचे पुत्र पंडूपासून झालेले नाहीत, तरी ते 'पांडव' म्हणूनच ओळखले जातात. म्हणजे पितृसत्तेला खरी गरज बीजाची नसून नावाची आहे. ही गोष्ट लक्षात ठेवून आता तीन कलाकृतींकडे वळू.

५.५ तीन कलाकृती

५.५.१ 'येर्मा'

स्पॅनिश कवी-नाटककार फेदेरिको गार्सिया लोर्का यांचे हे नाटक डिसेंबर १९३४ मध्ये माद्रिद येथे प्रथम सादर झाले. 'चांगुणा' या रूपांतराद्वारे ते मराठी रंगभूमीवरही आले. नायिकेचे नावच ओसाड, पडीक जमीन सुचवणारे आहे. क्षेत्राचे रूपक असे थेट शीर्षकात येते.

येर्माचा पती हुआन शेतात राबतो, मालमत्ता वाढवतो. मूल नाही याची त्याला खंत नाही. चिंता आहे ती लोक काय म्हणतील याची. पत्नीवर पहारा ठेवण्यासाठी तो आपल्या दोन बहिणींना घरी आणतो. दोष नेमका कोणाच्या देहात आहे, याचा वैद्यकीय निवाडा लोर्का देत नाही. एक म्हातारी येर्माला आपल्या मुलाकडे येण्याचे सुचवते. पण प्रतिष्ठेच्या कल्पनेने बांधलेली येर्मा तो मार्ग नाकारते. मूल नको असल्याचे हुआन स्पष्टच सांगतो, तेव्हा ती त्याचा गळा दाबते आणि आपण आपले मूलच मारले, असा आक्रोश करते. ज्या व्यवस्थेने तिला छळले, तिचीच नीती तिने मनोमन स्वीकारलेली आहे. तिची शोकांतिका येथेच आहे.

५.५.२ 'गिधाडे'

विजय तेंडुलकर यांचे हे नाटक १९७० मध्ये डॉ. श्रीराम लागू यांच्या दिग्दर्शनाखाली रंगमंचावर आले. ते प्रेमनाट्य म्हणून ओळखले जात नाही. परंतु रमा आणि रजनीनाथ यांच्या संबंधाचा कोमल धागा त्यात आहे, आणि भोवतालच्या हिंस्रतेमुळे तो अधिकच उठून दिसतो.

रमेचा पती रमाकांत व्यसनी आहे. उपचार, साधू, नवससायास हे सगळे रमेच्या वाट्याला येते. आपली कूस निरोगी आहे आणि उणीव पतीत आहे, हे तिला पक्के ठाऊक असते. पण पतीसमोर ते उच्चारण्याची सोय नाही. ती बोलते ते रजनीनाथजवळ. तो रमाकांतच्या पित्याचा अनौरस पुत्र, म्हणजे घराने स्वतःच नाकारलेले बीज. रमेला दिवस जातात तेव्हा रमाकांतचा पौरुषाभिमान फुलून येतो. गर्भ आपला नाही हे कळताच तोच तो गर्भ नष्ट करायला निघतो. बाप होण्याची इच्छा ही अपत्याविषयीची माया नसून स्वतःच्या पौरुषाचा पुरावा मिळवण्याची धडपड होती, हे या एका वळणातून उघड होते.

५.५.३ 'अनाहत'

सुरेंद्र वर्मा यांच्या 'सूर्य की अंतिम किरण से सूर्य की पहली किरण तक' या हिंदी नाटकावर अमोल पालेकर यांनी २००३ मध्ये 'अनाहत' हा मराठी चित्रपट केला. मल्ल राज्याचा राजा नपुंसक आहे आणि राज्याला वारस हवा आहे. अमात्यमंडळ राणी शीलवतीला एका रात्रीसाठी परपुरुष निवडण्यास भाग पाडते.

या विधीतील राणीला 'धर्मनटी' म्हटले आहे. हा सामासिक शब्द बारकाईने पाहा. 'नटी' म्हणजे भूमिका वठवणारी. तिने कर्तव्य म्हणून भूमिका वठवावी. तिच्यात ती स्वतः असू नये, अशी अपेक्षा शब्दातच दडलेली आहे. नाट्य घडते ते या अपेक्षेला तडा जातो म्हणून. राजा रात्रभर महालात तळमळतो. पहाटे परतलेली शीलवती अपराधी नाही, तृप्त आहे. स्त्रीच्या देहाला राज्यकर्तव्याखेरीज स्वतःचे सुख असू शकते, हे ती पती आणि अमात्य यांच्यासमोर मांडते. 'क्षेत्र' बोलू लागताच रूपक कोसळते.

राजा येथे खलनायक नाही, हेही ध्यानात घ्या. ज्या व्यवस्थेने त्याला सिंहासन दिले, तिनेच त्याचे खासगी दुःख राजकारणाचा विषय केले. पितृसत्ता पुरुषालाही मोजते आणि कमी भरला की उघड्यावर आणते.

> स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न २
> 'धर्मनटी' या शब्दातून सूचित होणारी अपेक्षा शीलवती कशी मोडते?

५.६ तुलनात्मक विचार

तिन्ही ठिकाणी उणिवेविषयीचे मौन वेगळे आहे. 'येर्मा'त कारण अनिर्णित राहते. 'गिधाडे'त ते रमेला ठाऊक असूनही घरात उच्चारता येत नाही. 'अनाहत'मध्ये ते राज्यकारभाराचा भाग होते. त्याची किंमतही वेगळी आहे : कोठे पतीचा जीव, कोठे न जन्मलेला जीव, तर कोठे दांपत्याचा आजवरचा समजूतदार देखावा.

या कलाकृतींची एक मर्यादाही नोंदवली पाहिजे. त्यांतील पती उदासीन, क्रूर किंवा असहाय आहे. पत्नीचा सहप्रवासी तो कोठेच होत नाही. मराठीत श्रोत्याला सामावून घेणारे 'आपण' आणि त्याला वगळणारे 'आम्ही' असा भेद आहे. 'तिला मूल होत नाही' हे वाक्य कुटुंब सहज बोलते. 'आपल्याला मूल होत नाही' हे वाक्य पतीने पत्नीला उद्देशून म्हणायचे असते. या तीन कथांतील एकाही पतीला ते साधत नाही. एका सर्वनामाने दोष वाटून घेतला जातो, दुःखही वाटले जाते. पुढील काळातील नाटककारासाठी ही जागा मोकळी आहे.

५.७ सारांश

अपत्यहीनतेचा दोष स्त्रीवर लादणे आणि पुरुषाची उणीव शिवीत लपवणे, या एकाच विचारव्यूहाच्या दोन बाजू आहेत. बीज-क्षेत्र रूपकाने त्याला आधार दिला. अभ्यासलेल्या नाट्यकृती हे रूपक निरनिराळ्या प्रकारे तपासतात आणि पौरुष ही केवळ देहाची नव्हे, तर कुटुंबाने ठरवलेली गोष्ट आहे, हे दाखवतात.

५.८ पारिभाषिक शब्द

• नियोग : वंशवृद्धीसाठी स्त्रीने पतीखेरीज नियुक्त पुरुषापासून अपत्यप्राप्ती करण्याची प्राचीन प्रथा.
• क्षेत्रज : नियोगाने जन्मलेला, परंतु पतीचा मानला गेलेला पुत्र.
• कोशगत पोकळी : एखाद्या संकल्पनेसाठी भाषेत रूढ शब्द नसणे.

५.९ स्वाध्याय

१. बीज-क्षेत्र रूपकाच्या आधारे 'येर्मा' व 'अनाहत' यांची तुलना करा.
२. 'रमाकांतला अपत्य नव्हे, पुरावा हवा आहे.' या विधानाची चर्चा करा.
३. क्षेत्रीय कार्य : आपल्या परिसरातील आशीर्वाद, म्हणी आणि ओव्या यांतून अपत्यप्राप्तीविषयीचे दहा शब्दप्रयोग जमवा. प्रत्येकात उल्लेख कोणाचा आहे – मुलाचा, मुलीचा की दोघांचा – त्याची नोंद करून एक पानाचे टिपण लिहा. माहिती देणाऱ्या व्यक्तीचे नाव टिपणात लिहू नका.