अल्पमोली टॅब्लेटची पहिली पारख

उद्देश : शाळेस नव्याने मिळालेल्या कमी किमतीच्या टॅब्लेटची पहिल्या आठवड्यात पद्धतशीर पारख कशी करावी व तिची नोंद कशी ठेवावी, हे शिक्षकांस समजावे.

1. पहिल्या मताचे मोल

शाळेत नवी वस्तू आली की तिच्याविषयी पहिल्याच दिवशी दोन मते पडतात. एक म्हणते, "स्वस्तातली वस्तू, किती दिवस टिकणार?" दुसरे म्हणते, "आता मुलांच्या प्रगतीची चिंता मिटली." ही दोन्ही मते वस्तू न वापरताच बनलेली असतात. पहिल्या मतामुळे टॅब कपाटात जातो. दुसऱ्यामुळे तो महिनाभर मिरवला जातो आणि मग कपाटात जातो. शाळाभेटींच्या निमित्ताने अशी कपाटे पाहण्यात येतात. वेष्टनात गुंडाळून ठेवलेला टॅब वर्षभराने बाहेर काढला, तर त्याचा विद्युत्घट पुष्कळदा निकामी झालेला असतो. कारण लिथियमचा घट पूर्ण रिकाम्या अवस्थेत दीर्घकाळ पडून राहिला म्हणजे त्याची धारणशक्ती नष्ट होते. न वापरल्याने वस्तू जपली जाते, ही समजूत येथे खोटी ठरते.

अनेक गावी हे साधन लोकवर्गणीतून आलेले असते. त्यात एखाद्या मजूर स्त्रीची एका दिवसाची मजुरीही असते. त्या पैशाचे चीज होणे वा न होणे हे बहुधा पहिल्या आठवड्यात ठरते. म्हणून पहिले मत घाईने न बनविता कसोटी लावून बनविणे, हे शिक्षकाचे कर्तव्य होय.

2. 'आकाश'चे उदाहरण

अल्पमोली टॅब्लेटचे आपल्या देशातील सर्वांत गाजलेले उदाहरण म्हणजे 'आकाश'. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी योजिलेल्या या टॅब्लेटचे अनावरण 5 ऑक्टोबर 2011 रोजी नवी दिल्ली येथे तत्कालीन केंद्रीय मंत्री कपिल सिबल यांच्या हस्ते झाले. सरकारला तो सुमारे सव्वादोन हजार रुपयांस पडत होता. त्याचा पडदा 7 इंची, प्रक्रियकाचा वेग 366 मेगाहर्ट्‌झ व कार्यकारी स्मृती 256 एमबी होती.

त्या वेळी काहींनी केवळ किंमत पाहून त्याची स्तुती केली. काहींनी महागड्या यंत्राशी तुलना करून त्याला नावे ठेवली. परंतु ज्यांनी तो हाती घेऊन वापरला त्यांनी नेमकी तीन वैगुण्ये सांगितली : पडदा जोराने दाबावा लागतो, यंत्र मंद चालते, घट लवकर उतरतो. पुढे मुंबईच्या आयआयटीच्या देखरेखीखाली सुधारित 'आकाश 2' तयार झाला व 11 नोव्हेंबर 2012 रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांनी त्याचे अनावरण केले. त्यात पडदा हलक्या स्पर्शाचा झाला, वेग 1 गिगाहर्ट्‌झपर्यंत गेला, स्मृती दुप्पट झाली व घटाची क्षमताही वाढली. किंमत मात्र जवळजवळ तीच राहिली. यावरून बोध असा घ्यावा की, "चांगला" अथवा "वाईट" या शब्दांतून सुधारणा होत नाही. "कोठे, किती व कशामुळे अडते" या नोंदीतून होते.

3. पाच कसोट्या

(अ) पडदा. 7 इंच हे माप पडद्याच्या कर्णाचे असते, रुंदीचे नव्हे. 'आकाश'च्या पडद्याची रुंदी सुमारे 15 सेंटिमीटर व उंची 9 सेंटिमीटर भरते. पाठ्यपुस्तकाचे पान अशा उभ्या पडद्यावर उघडल्यास अक्षरे जवळजवळ निम्मी होतात. म्हणून टॅब मेजावर पाटीच्या आधाराने उभा ठेवावा, त्यावर पाठातील एक परिच्छेद उघडावा आणि एका विद्यार्थ्यास तो वाचत वाचत मागे सरकण्यास सांगावे. अक्षरे लागेनाशी झाली की तेथे जमिनीवर खडूने खूण करावी. हीच कृती उजव्या व डाव्या बाजूने करावी. कारण स्वस्त पडदा बाजूने पाहिल्यास काळवंडतो. या खुणा जोडून जी कमान तयार होते तिच्या आत बसतील तेवढीच मुले त्या टॅबचा वर्ग होत. तिच्या बाहेर बसविलेले मूल पाठ पाहत नसते, पुढच्याची पाठ पाहत असते.

(आ) स्पर्श. जुन्या दाबपडद्यात दोन पातळ थर दाबाने एकमेकांस टेकत; त्यामुळे नख वा काडीही चालत असे. हल्लीचा पडदा बोटाच्या विद्युत्‌भारावर चालतो. त्यास दाब नको, पण बोट कोरडे हवे. पोषण आहारानंतर हात धुऊन आलेल्या मुलाच्या ओल्या बोटाने पडदा भलतेच उघडतो आणि मूल घाबरते. हात पुसण्यास स्वच्छ फडके जवळ ठेवावे. पडद्याच्या चारही कोपऱ्यांत बोट फिरवून कोठे अडते का, हेही पाहावे.

(इ) वेग व साठवण. खोक्यावर 32 जीबी छापलेले असले तरी त्यातील बराच भाग यंत्राच्या स्वतःच्या प्रणालीने व्यापलेला असतो. प्रत्यक्ष किती जागा शिल्लक आहे ते 'सेटिंग्ज'मध्ये पाहून लिहावे. नंतर एक अॅप उघडण्यास किती सेकंद लागतात ते घड्याळ लावून मोजावे. ते अर्धे मिनिट घेत असेल, तर पाठ मुले वर्गात येण्यापूर्वीच उघडून ठेवावा.

(ई) कॅमेरा व आवाज. बालभारतीच्या पुस्तकांतील क्यूआर कोड टॅबने टिपून पाहावा. स्वस्त कॅमेऱ्यास जवळची लहान आकृती पुसट दिसते. तसे झाल्यास टॅब किंचित दूर धरावा व उजेडाकडे पाठ करू नये, पुस्तकावर उजेड पडू द्यावा. 5 सप्टेंबर 2017 रोजी सुरू झालेल्या 'दीक्षा'वरील साहित्य आधी उतरवून घेता येते. जेथे शाळेत संपर्क मिळत नाही तेथे हे काम आदल्या दिवशी करावे. ध्वनिक्षेपक मागील बाजूस असेल तर टॅब उताणा ठेवल्याने आवाज दबतो. मागे भिंत येईल असा उभा ठेवावा.

(उ) विद्युत्घट. टॅब पूर्ण भारित करून 30 मिनिटांचा पाठ दाखवावा व किती टक्के उतरले ते लिहावे. समजा 12 टक्के उतरले; तर तासाला 24 टक्के. शेवटचे 20 टक्के राखून ठेवल्यास 80 टक्क्यांत 3 तास 20 मिनिटे मिळतील. हे गणित इयत्ता सातवीच्या मुलांकडूनच करवून घ्यावे. पडद्याचा उजेड कमी-अधिक करून पुन्हा मोजल्यास फरक त्यांच्या ध्यानी येईल.

4. नोंद

जडसंग्रह नोंदवहीत टॅबची नोंद करणे पुरेसे नाही. एका स्वतंत्र वहीत वरील पाच कसोट्यांचे निकाल दिनांकासह लिहावेत आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत वाचून दाखवावेत. दोष आढळल्यास हमीची मुदत संपण्यापूर्वी विक्रेत्यास लेखी कळवावे. तोंडी तक्रारीचा पुरावा राहत नाही. एक महिन्याने त्याच कसोट्या पुन्हा घ्याव्यात. दोन नोंदींची तुलना हेच खरे मत.

5. समारोप

टॅब मोडेल या भीतीने तो मुलांच्या हाती न देणारा शिक्षक वस्तू वाचवितो, पण जिच्यासाठी ती आली ते शिक्षण गमावतो. मर्यादा ओळखून वापरलेले साधे यंत्रही पाच-सहा मुलांच्या गटास आठवड्यातून दोन पाठ उत्तम देऊ शकते. उरलेले काम फळा, पुस्तक व शिक्षकाची वाणी यांचे आहे. ते टॅबवर सोपवू नये.

विचारार्थ प्रश्न

1. आपल्या शाळेतील टॅबची खडूची कमान आखून तीत किती मुले बसतात ते पाहा. उरलेल्या मुलांना त्या वेळी कोणते काम द्याल?
2. 30 मिनिटांत 15 टक्के घट उतरल्यास, 20 टक्के राखून किती वेळ पाठ चालेल?
3. "स्वस्त म्हणून निरुपयोगी" या मताचे आपल्या नोंदींच्या आधारे परीक्षण करा.