पाचट : काडी लावायची की बुरशीला द्यायचे?



खोडवा धरताना दरवर्षी एकच प्रश्न येतो : "साहेब, पाचटाची अडचण होते, काडी लावू का?" काडी लावण्याआधी त्या पाचटात काय आहे ते पाहू.

पाचट आणि बगॅस यांचा मोठा भाग सेल्युलोजचा. साखरेचे कण साखळीसारखे जोडून सेल्युलोजचा धागा होतो. अक्कलकोट रोड एमआयडीसीत ज्या सुताचे टॉवेल, चादरी विणतात, ते सूतही सेल्युलोजच. म्हणजे पाचटात साखर आहे, पण कुलूपबंद. किल्ली आहे बुरशीकडे.

दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकन सैन्याचे सुती तंबू भराभर कुजू लागले. तपासात ट्रायकोडर्मा बुरशी सापडली. ती सेल्युलेज नावाचे विकर, म्हणजे एन्झाइम, सोडते. धागा तोडून साखर करते आणि खाते. तूर-हरभऱ्याच्या मर रोगासाठी आपण बियाण्याला चोळतो ती ट्रायकोडर्मा हिचीच भावकी. सुती कापडावरची लव काढायलाही आज हे विकर वापरतात.

यातूनच इंधन होते. काड वाफेने व आम्लाने मऊ करायचे, विकराने त्याची साखर करायची, यीस्टने आंबवून इथेनॉल काढायचे. पानिपतला इंडियन ऑइलचा भाताच्या पेंढ्यावरचा असा प्रकल्प 2022 साली राष्ट्राला अर्पण झाला. दौंड तालुक्यात प्राज कंपनीने 2017 साली प्रात्यक्षिक प्रकल्प उभारला. अडचण दोन गोष्टींची : विकराचा खर्च, आणि हलके पाचट गोळा करून वाहण्याचा खर्च.

तेव्हा तूर्त बुरशीला शेतातच कामाला लावा. पाचट बुडख्यांवरून ओढून सरीत दाबा, बुडखे जमिनीलगत छाटा. एक टन पाचटाला 8 किलो युरिया, 10 किलो सुपर फॉस्फेट आणि 1 किलो पाचट कुजविणारे कल्चर टाका. एकरी चार टन पाचट धरले तर 32, 40 आणि 4 किलो. मग पाणी द्या.

युरिया कशाला? पाचटात नत्र जेमतेम अर्धा टक्का. बुरशीला वाढायला नत्र लागते. आपण दिले नाही तर ती जमिनीतले ओढते आणि खोडवा पिवळा पडतो. मग दोष पाचटाला येतो!

कल्चर शेणखतात मिसळून वेगळे टाका, रासायनिक खतात कालवू नका. बुरशीनाशकासोबत तर मुळीच नको. कल्चरमधली बुरशीच मरेल.

पेटवलेल्या पाचटातले नत्र आणि सेंद्रिय कर्ब धुरात जातो, हाती राख राहते. कुजवलेले पाचट ओल धरते, तण दाबते, आणि उन्हाळ्यात पाण्याची पाळी लांबली तरी खोडवा तग धरतो. आपल्या सोलापूरच्या पाण्यात हेच मोलाचे.

कल्चरसाठी तोडीपूर्वीच आपल्या गटाच्या चिटबॉयकडे नोंद द्यावी.

— ऊस विकास अधिकारी