फुकटचा कॉम्प्युटर, भाड्याची खोली

अकोला

चि. पूर्वा हिस,


फोनवर दुकानातल्या गर्दीत धड बोलता आलं नाही, म्हणून लिहितो. बडनेऱ्याच्या नव्या वस्तीतल्या तुझ्या खोलीत फायबर घ्यायचं, त्याच्या सेट-टॉप बॉक्सला टीव्ही, कीबोर्ड अन् माउस जोडायचा, की झाला कॉम्प्युटर, असं फायबर विकणारा पोट्टा सांगून गेला म्हणतेस. खोटं नाही बोलला तो. जिओनं २०२५च्या जुलैत जिओपीसी आणलं, ते असंच. पण खरा कॉम्प्युटर कंपनीच्या सर्व्हरवर राहतो, तुझ्याकडे नुसता पडदा. आणलं तेव्हा भाडं महिन्याला ५९९, वर १८ टक्के जीएसटी. महिन्या-महिन्यानं भरत गेलीस तर तीन वर्षांत पंचवीस हजारांच्या वर जातात. फायबरचं बिल निराळं. इतकं देऊन शेवटी मशीन तुझं नाहीच.

२०१७चा जिओफोन आठव. किंमत म्हणे शून्य! १५०० रुपये डिपॉझिट, तीन वर्षांनी फोन दिला की परत. मात्र वर्षाला किमान १५००चा रिचार्ज हवाच. तरी तो सौदा मला वाईट वाटला नाही. रिचार्ज लोक करणारच होते, अन् फोन खिशात घालून कुठंही नेता येत होता.

तुझं तसं नाही. घरमालकानं खोली सोडायला सांगितली, पुण्यात इंटर्नशिप लागली, की भिंतीतली वायर तिथंच राहणार. तुझ्या बाबांनी त्यांच्या दुकानात घेतलं तर मी हो म्हणेन, ते कुठं हलणार आहेत? विद्यार्थ्यानं लांबचा करार करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. अशा कराराचं जुनं उदाहरण बघ: १९९९मध्ये अमेरिकेत कॉम्प्युसर्व्ह ही इंटरनेट कंपनी कॉम्प्युटरवर ४०० डॉलरची सूट देई, पण तीन वर्षं महिना २१.९५ डॉलर भरायच्या अटीवर. म्हणजे एकूण ७९० डॉलर. तेही डायल-अपचे, जेव्हा ब्रॉडबँड दारात येऊन ठेपलं होतं. मायक्रोसॉफ्टनंही तशीच सूट काढली. तर कॅलिफोर्निया आणि ओरेगॉनमध्ये करार मोडला तरी सूट परत करावी लागत नाही, हे लोकांच्या ध्यानात आलं. दुकानांत अशी झुंबड उडाली की कंपनीनं तिथली योजनाच गुंडाळली. बारीक अक्षर वाचणाऱ्यांचा असाही फायदा होतो, बाप्पा!

तर त्या पोट्ट्याला विचार: मधेच बंद केलं तर काय भरावं लागेल, माझ्या फाइलींचं काय होईल, कॅमेरा-प्रिंटर चालतो का? अन् लाइट गेली तर? आपल्याकडे उन्हाळ्यात ती जातेच. लॅपटॉप बॅटरीवर तरी तग धरतो.

माझं ऐकशील तर अमरावतीत जुना लॅपटॉप पाहू. ८ जीबी रॅम अन् एसएसडी असला की तुझं कोडिंग भागतं. बॅटरी मात्र दुकानातच तासभर चालवून पाहायची. रविवारी सकाळच्या गाडीनं बडनेऱ्याला येतो. अर्धे पैसे मी घालतो, आईला सांगू नको. तोवर कुठं सही करू नको, अन् आधारची झेरॉक्सही कोणाला देऊ नको.

तुझा,
मामा