फेरफाराची नोंद : चावडीतली आणि संगणकातली

बेळगाव-निपाणी भागातल्या शेतकरी घरात वाढलेल्या मुलाच्या कानावर 'उतारा' आणि 'फेरफार' हे शब्द शाळेत जाण्याआधीच पडतात. आमच्या घरी पत्र्याच्या पेटीत १९५६ पूर्वीचा, म्हणजे जिल्हा मुंबई राज्यात होता तेव्हाचा, एक मराठी उतारा आहे. त्यावर आजोबांच्या वडिलांच्या नावाला कंस आहे, खाली आजोबांचं नाव आहे आणि बाजूला एका वर्तुळात आकडा आहे. लहानपणी मला तो आकडा म्हणजे गुण वाटायचे. तो फेरफाराचा नंबर होता, हे पुष्कळ उशिरा कळलं. संगणकाच्या पोटातही असाच एक आकडा प्रत्येक फाइलपाशी लिहिलेला असतो, हे त्याहून उशिरा कळलं, आणि तेही एका विद्यार्थिनीवर अविश्वास दाखवून झाल्यावर.

मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. गेली काही वर्षं आमच्या विभागातली मुलं सीमाभागातल्या व्यवसायांचे शब्द गोळा करताहेत: तंबाखूची वखार, बिडीकाम, ऊस, गुऱ्हाळ, सुतारकाम. दर व्यवसायाला एक फाइल, आणि सगळ्या फाइली विभागातल्या एकाच संगणकावर. बिडीकामाची फाइल निपाणीकडच्या एका मुलीकडे होती. तिची आजी आयुष्यभर बिड्या वळत आलेली. फेब्रुवारीतल्या एका बुधवारी छपाईसाठी फाइल उघडली, तर तीत जेमतेम ६० शब्द. मुलगी म्हणाली, "मी घातल्यात की सर सगळे, खरं आता दिसंनात." (इकडं 'खरं' म्हणजे 'पण'. नव्या वाचकानं त्याचा अर्थ 'खरोखर' असा घेऊ नये. त्या दिवशी मी मात्र दोन्ही अर्थांनी चुकलो.) फाइलीच्या नावासमोर बदलाची तारीख होती १७ नोव्हेंबर. मी ती तिला दाखवली आणि म्हणालो, "नोव्हेंबरनंतर या फाइलीला हातच लागलेला नाही. संगणक खोटं बोलतो का?" ती गप्प बसली.

संगणक खोटं बोलत नव्हता. मी उतारा वाचत होतो, फेरफार पाहिलाच नव्हता.

चावडीतली पद्धत आधी आठवू. उताऱ्यावर जमिनीची आजची स्थिती असते: गट नंबर, क्षेत्र, कुणाचं नाव, कसलं पीक. ती स्थिती कशी आली, ते उतारा सांगत नाही. त्यासाठी वेगळी वही. खातेदार वारला, जमीन विकली, वाटणी झाली की तलाठ्याकडं वर्दी द्यायची. तलाठी फेरफाराच्या वहीत पुढचा नंबर घालून नोंद धरतो, संबंधितांना नोटीस जाते, हरकत नसेल तर सर्कल ती मंजूर करतो, आणि मग उताऱ्यावर जुन्या नावाला कंस होऊन नवं नाव चढतं. शेजारी वर्तुळात फेरफाराचा नंबर येतो. उताऱ्यावरून वहीकडं जायची वाट म्हणजे तो नंबर. व्यापाऱ्यांच्या दप्तरातही हीच विभागणी आहे: रोजकीर्दीत घडलं त्या क्रमानं, खतावणीत खात्यानुसार.

विंडोजच्या संगणकात डिस्कवर फाइली ज्या व्यवस्थेनं मांडल्या जातात तिला एनटीएफएस म्हणतात. या व्यवस्थेत प्रत्येक फाइलीचा एक उतारा असतो. त्यावर नाव, आकार, तारखा आणि मजकूर डिस्कवर कुठं ठेवला आहे त्याचा पत्ता. हे सगळे उतारे एका मोठ्या तक्त्यात असतात. विंडोज २००० या आवृत्तीपासून याच्या जोडीला फेरफाराची वही आली. इंग्रजीत तिला 'चेंज जर्नल' म्हणतात. ती प्रत्येक विभाजनाची स्वतंत्र असते, आणि सामान्य वापरणाऱ्याला न दिसणाऱ्या एका फोल्डरात राहते.

या वहीतली एक नोंद अशी असते. पहिल्यांदा नोंदीचा क्रमांक. मग ज्या फाइलीत बदल झाला तिचा नंबर, ती ज्या फोल्डरात आहे त्याचा नंबर, वेळ, बदलाचं कारण आणि शेवटी फाइलीचं नाव. पूर्ण पत्ता नसतो, फक्त नाव. पत्ता हवा असेल तर फोल्डराच्या नंबरावरून वर वर चढत जायचं, जसं गट नंबरावरून गाव आणि गावावरून तालुका. फाइलीचा नंबर हा गट नंबरासारखाच आहे. नाव बदललं तरी तो बदलत नाही. फाइल नष्ट झाली आणि तिची जागा दुसरीला दिली, तर नंबराच्या शेपटीला असलेला एक आकडा वाढतो, म्हणजे जुनी आणि नवी यांची गल्लत होत नाही.

नोंदीचा क्रमांक १, २, ३ असा जात नाही. ती नोंद वहीच्या सुरुवातीपासून किती बाइटांवर सुरू होते, तो आकडाच तिचा क्रमांक. त्यामुळं तो उड्या मारत वाढतो, पण वाढतोच, मागे येत नाही. आणि फाइलीच्या उताऱ्यावर तिच्या शेवटच्या फेरफाराचा क्रमांक लिहिलेला असतो. आमच्या पेटीतल्या उताऱ्यावरचं वर्तुळ ते हेच.

कारणं ठरावीक असतात: फाइल तयार झाली, नष्ट झाली, मजकुरावर मजकूर लिहिला, मजकूर वाढला, मजकूर छाटला, जुनं नाव, नवं नाव, हक्कांत बदल, तारखांसारख्या मूलभूत माहितीत बदल, आणि फाइल बंद झाली. नाव बदलताना दोन नोंदी पडतात, एक जुन्या नावाची, एक नव्याची. ही कारणं फाइल उघडल्यापासून बंद होईपर्यंत साठत जातात. मजकूर पहिल्यांदा वाढला की एक नोंद. त्याच बैठकीत तो आणखी दहा वेळा वाढला तरी नवी नोंद नाही, कारण ते कारण लिहून झालेलं असतं. वेगळ्या प्रकारचा बदल झाला तर दोन्ही कारणं असलेली नवी नोंद. शेवटी बंद करताना सगळी कारणं एकत्र. म्हणून नोंदी मोजून काम मोजता येत नाही. १४० शब्द घातले की १४, हे ही वही सांगणार नाही.

आणि मजकूर तर ती ठेवतच नाही. काय होतं ते नाही, काय झालं ते नाही, कुणी केलं तेही नाही. चावडीच्या फेरफारात वर्दी देणाऱ्याचं नाव असतं, जुना खातेदार असतो, नवा असतो, कारण सविस्तर असतं. त्या मानानं संगणकाची वही फारच कंजूष आहे. ती माणसांसाठी लिहिलेलीच नाही. बॅकअप घेणाऱ्या, शोध-सूची ठेवणाऱ्या प्रोग्रामांना लाखो फाइली रोज तपासत बसायला नको, मागच्या खेपेला कुठल्या क्रमांकापर्यंत पाहिलं ते लक्षात ठेवावं आणि तिथून पुढचं वाचावं, एवढ्यासाठी ती आहे.

आता परिभाषेचा प्रश्न, कारण हा लेख अकादमीच्या अंकात येतो आहे. 'जर्नल'ला आपण नियतकालिक म्हणतो, दैनंदिनी म्हणतो, हिशेबात रोजकीर्द म्हणतो. 'परिवर्तन दैनंदिनी' असा शब्द मी एका विद्यार्थ्याच्या टिपणात पाहिला. तो ऐकून योगासनांची वही डोळ्यांसमोर येते. 'फेरफार नोंदवही' हा तयार शब्द आहे, त्यात क्रमांक, कारण आणि उताऱ्याशी नातं हे तिन्ही आधीच आहे, आणि तो शेतकऱ्याला समजतो. एकच अडचण: बोलीत 'फेरफार' म्हणजे लबाडीनं केलेला बदलही. माझ्या मते ही अडचण चालवून घ्यावी. एनटीएफएसमध्ये दुसरीही एक वही आहे, वीज गेली तर अर्धवट राहिलेला व्यवहार पुरा करायला किंवा मागे घ्यायला. तिलाही इंग्रजीत लोक जर्नल म्हणतात. तिला 'कच्ची वही' म्हणावं. दोन्हींना एकच शब्द वापरला तर विद्यार्थी परीक्षेत गोंधळतात, हे मी पाहिलं आहे.

इतर व्यवस्थांबद्दल थोडक्यात. लिनक्समध्ये २००५ पासून 'आयनोटिफाय' आहे. ते तराळासारखं, घडत असताना हाक देतं, लिहून ठेवत नाही. मॅकमध्ये २००७ पासून घटनांची नोंद डिस्कवर राहते, पण तिचा मूळ रोख कुठल्या फोल्डरात काही हललं एवढ्यावर होता.

बुधवारी संध्याकाळी संगणक विभागातल्या एका सहकाऱ्यानं काळी खिडकी उघडून 'एफएसयूटिल' नावाच्या आज्ञेनं आमची वही वाचून दाखवली. विंडोजबरोबरच येणारी ही आज्ञा आहे, मात्र प्रशासकाचा अधिकार लागतो. वहीचा कमाल आकार ३२ एमबी होता. तो भरला की सुरुवातीच्या नोंदी पुसल्या जातात, क्रमांक मात्र पुढंच चालू राहतात; पहिली पानं फाडली म्हणून पुढच्या पानांचे नंबर बदलत नाहीत, तसं. वर्दळीच्या संगणकावर एवढ्या जागेत थोड्याच दिवसांचं मावतं. आमचा संगणक बहुतेक वेळ बंदच असतो, म्हणून ११ दिवसांच्या नोंदी शिल्लक होत्या.

आदल्या आठवड्यातल्या मंगळवारी दुपारी ३.२० ते ४.४५ या वेळात बिडीकामाच्या फाइलीभोवती नोंदींचे चार गुच्छ सापडले. वर्ड हा प्रोग्राम जतन करताना मूळ फाइलीवर लिहीत नाही. तो नवी तात्पुरती फाइल तयार करतो, तीत सगळं लिहितो, मूळ फाइलीचं नाव बदलतो, तात्पुरतीला मूळ नाव देतो, आणि जुनी नष्ट करतो. पाटी तीच, खालची जमीन नवी. प्रत्येक गुच्छात हा सगळा क्रम दिसत होता. म्हणजे मुलगी त्या दुपारी बसली होती आणि तिनं चारदा जतन केलं होतं.

मग शुक्रवारी संध्याकाळी ६.१०. त्याच फाइलीची नोंद, पण वेगळ्या तऱ्हेची: मजकूर छाटला, मजकूर वाढला, मूलभूत माहिती बदलली, बंद. तात्पुरती फाइल नाही, नामांतर नाही. सहकारी म्हणाला, हे वर्डचं काम नव्हे. कुणीतरी दुसरीकडून फाइल आणून हिच्यावर उतरवली आहे. असं उतरवताना विंडोज आणलेल्या फाइलीची बदलाची तारीख तशीच ठेवतं. म्हणून १७ नोव्हेंबर. 'बदलली' म्हणून दिसणारी तारीख ही मजकुराची होती, त्या मजकुरानं आमच्या फाइलीची जागा घेतली त्या घटनेची नव्हती.

"कुठून आणली?" मी विचारलं. वहीत ते नव्हतं. पेनड्राइव्हवर बहुधा फॅट३२ किंवा एक्सफॅट व्यवस्था असते, आणि तिला फेरफाराची वहीच नसते. कुणी केलं, तेही नव्हतं. पण शुक्रवारी सहानंतर विभागाची किल्ली माझ्याकडं असते. घरून दिवाळीनंतरचं काम पेनड्राइव्हवर आणलं होतं, सगळा फोल्डर ओढून टाकला होता, आणि 'या नावाची फाइल आधीच आहे, बदलू का?' या प्रश्नाला प्रत्येक फाइलीसाठी 'हो' म्हटलं होतं. इतर फाइलींत नोव्हेंबरनंतर कुणी काही घातलंच नव्हतं, म्हणून तिथं काही बिघडलं नाही.

गुरुवारी वर्गाबाहेर तिला थांबवून मी सांगितलं की फाइल माझ्याकडून गेली, आणि बुधवारी जे बोललो ते चारचौघांत बोललो होतो, म्हणून वर्गातही सांगतो. ती म्हणाली, "असू दे की सर." मी वर्गात सांगितलं.

शब्द परत मिळाले नाहीत. पहिल्या दोन बैठकींचे तिच्या वहीत होते, ते पुन्हा घातले. मंगळवारचे मात्र तिनं आजीला फोन लावून, ऐकत ऐकत थेट टंकले होते. रविवारी आम्ही दोघं आणि आणखी एक विद्यार्थिनी निपाणीला गेलो. आजीला पुन्हा सगळं विचारायचं म्हणजे तिची चेष्टा वाटेल अशी मला भीती होती. ती म्हणाली, "परवाच सांगिटलंय न्हवं?" आणि पानं भिजवण्यापासून पुन्हा सुरुवात केली. नातीला आठवत होते त्यांतले सहा शब्द आजीच्या तोंडी या खेपेला आलेच नाहीत. नातीनं सुचवल्यावर तिनं चार ओळखले, दोनांना "आमच्यात तसं म्हणत न्हाईत" म्हणाली. ते दोन शब्द आम्ही कोशात प्रश्नचिन्ह घालून ठेवले आहेत. उलट पान कापायच्या कातरीबद्दल तिनं या वेळी असे तीन शब्द दिले, जे फोनवर दिले नव्हते.

आता विभागात वहीचा आकार वाढवून घेतला आहे, रोजची प्रत दुसऱ्या डिस्कवर जाते, आणि टेबलावर एक कागदी नोंदवही आहे. तीत चार रकाने: तारीख, फाइल, कुणी, का. पहिली नोंद त्या शुक्रवारची आहे, मागाहून घातलेली. 'का' या रकान्यात मी 'न पाहता' असं लिहिलं आहे.