संकोची मूत्राशय : कुमारवयातील एक अबोल अडचण

लघवीची भावना तीव्र झालेली असावी, मूत्रमार्गात कोणताही दोष नसावा आणि तरीही जवळपास कोणी उभे आहे, किंवा कोणी येण्याचा संभव आहे, एवढ्याच कारणाने लघवी सुरू होऊ नये, अशी एक अवस्था आहे. वैद्यकात तिला पॅरुरेसिस म्हणतात. मराठीत तिला संकोची मूत्राशय म्हणता येईल. हे नाव अमेरिकेतील ग्रिफिथ विल्यम्स व एलिझाबेथ डिगेनहार्ट या दोन अभ्यासकांनी १९५४ मध्ये दिले. त्यांनी महाविद्यालयातील १,४१९ विद्यार्थ्यांची पाहणी केली, तेव्हा त्यांपैकी १४.४ टक्के विद्यार्थ्यांनी हा अनुभव कधी ना कधी आल्याचे सांगितले. याचा अर्थ त्या सर्वांना उपचारांची गरज होती असा नव्हे. पुष्कळांच्या बाबतीत ती एखाद्या प्रसंगापुरतीच अडचण असते. तथापि साठ जणांच्या एखाद्या वर्गात असा अनुभव घेतलेली आठ-नऊ मुले असू शकतील आणि त्यांपैकी प्रत्येकाला आपण एकटेच असे आहोत असे वाटत असेल, एवढे तरी या आकड्यावरून समजते.

ही अडचण बहुधा कुमारवयात डोके वर काढते. त्याची कारणे उघड आहेत. या वयात शरीर बदलत असते, आणि आपल्याकडे सारे जग पाहत आहे ही जाणीव याच वयात सर्वांत प्रखर असते. रायपूरच्या एखाद्या शाळेतील नववी-दहावीचा मुलगा डोळ्यांपुढे आणावा. मधली सुटी थोडक्या मिनिटांची. मुतारीत मध्ये आडोसा नसलेली एकच लांब भिंत. मागे रांगेत उभ्या असलेल्या मुलांची ढकलाढकल आणि थट्टा. एखाद्या दिवशी त्याला लघवी होत नाही आणि मागचा मुलगा काहीतरी बोलतो. दुसऱ्या दिवशी तो मुतारीत शिरतो तोच कालची आठवण घेऊन. आज होईल ना, ही शंकाच आता अडथळा बनते. काही दिवसांनी तो तिकडे जाणेच सोडतो, आणि न जावे लागावे म्हणून सकाळपासून पाणी पिणे कमी करतो.

रायपूरसारख्या शहरात हा शेवटचा उपाय विशेष घातक आहे. एप्रिल-मे महिन्यांत तेथील पारा वारंवार ४२-४३ अंशांच्या पुढे जातो. अशा हवेत शरीरातील पाणी घामावाटे झपाट्याने कमी होते. त्यातच पाणी तोडले की लघवी गडद व दाट होते, जळजळ होऊ लागते, आणि अशी सवय वर्षानुवर्षे राहिली तर मूत्रखडे व मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग यांची शक्यता वाढते. आईला दिसते ते एवढेच की डब्याबरोबर दिलेली पाण्याची बाटली भरलेलीच परत येते. ती मुलावर रागावते. खरे कारण तिला कोणी सांगत नाही.

मुलगा हट्टी किंवा भित्रा आहे असे समजण्यापूर्वी शरीरात नेमके काय घडते ते पाहणे योग्य होईल. मूत्राशय ही स्नायूंची पिशवी आहे. तिच्यात सुमारे १५० ते २५० मिलिलिटर मूत्र साठले की पहिली जाणीव होते. प्रौढ माणसाच्या मूत्राशयात त्याच्या दुपटीहून अधिक मूत्र मावू शकते. पिशवीच्या तोंडाशी स्नायूंची दोन वलये असतात. आतले वलय आपल्या इच्छेच्या ताब्यात नसते, बाहेरचे असते. लघवी होण्यासाठी भिंतीच्या स्नायूंनी आकुंचन पावावे लागते आणि त्याच वेळी दोन्ही वलयांनी सैल व्हावे लागते. हा मेळ मेंदूच्या तळाशी असलेल्या सेतू नावाच्या भागातून घातला जातो. फ्रेडरिक बॅरिंग्टन या ब्रिटिश संशोधकाने १९२५ मध्ये मांजरांवरील प्रयोगांतून या केंद्राचा माग लावला. आता भीती वाटली की शरीर पळण्याच्या वा लढण्याच्या तयारीला लागते. छाती धडधडते, तळहातांना घाम सुटतो, मूत्राशयाची भिंत सैलावते आणि तोंडाशी असलेली वलये आवळली जातात. म्हणजे जे आकुंचन पावायला हवे ते सैल पडते आणि जे सैल व्हायला हवे ते घट्ट होते. अशा वेळी “जोर लाव” हा सल्ला निरुपयोगी ठरतो, कारण कुंथल्याने ओटीपोटाखालचे स्नायू आणखी ताठरतात. झोप आणता येत नाही, ती येऊ द्यावी लागते. लघवीचेही तसेच आहे.

अनोळखी माणसाच्या नुसत्या जवळ असण्याने निरोगी माणसाच्या बाबतीतही काय होते, याचा एक चमत्कारिक प्रयोग १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. मिडलमिस्ट, नोल्स व मॅटर या तीन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी एका विद्यापीठातील स्वच्छतागृहात साठ पुरुषांचे त्यांच्या नकळत निरीक्षण केले. माणूस एकटा असताना लघवी सुरू होण्यास सरासरी ४.९ सेकंद लागले. कोणी थोड्या अंतरावर उभा असताना ६.२ सेकंद; अगदी शेजारी उभा असताना ८.४ सेकंद. शेजारच्या संडासात पुस्तकांच्या ढिगात परिदर्शक लपवून ही मोजणी केली होती, आणि त्याबद्दल संशोधकांवर पुढे जी टीका झाली ती रास्तच म्हटली पाहिजे. पण आकडे बोलके आहेत. साडेतीन सेकंदांचा हा विलंब सर्वांनाच होतो; संकोची मूत्राशय असलेल्या मुलाच्या बाबतीत तो विलंब भयाने वाढत जाऊन दार बंद होते, इतकाच फरक आहे.

मुलींची अडचण याहून झाकलेली असते. त्यांना दार असते, म्हणून प्रश्न नाही असे समजले जाते. प्रत्यक्षात कडी मोडलेली, पाणी नसलेले, बाहेर मैत्रिणी ताटकळत उभ्या असलेले शौचालय त्यांच्या वाट्याला येते, आणि आवाज बाहेर ऐकू जाईल ही लाज वेगळीच. मुंबईत २०११ पासून स्त्रियांसाठी मोफत व स्वच्छ मुताऱ्यांच्या मागणीची चळवळ उभी राहिली, तेव्हा पाणी न पिता दिवस काढण्याची स्त्रियांची सवय चारचौघांत बोलली गेली. आवाजाची लाज सर्वत्र आढळते. जपानमध्ये ती झाकण्यासाठी वाहत्या पाण्याचा कृत्रिम आवाज काढणारे यंत्र १९८८ पासून बाजारात आहे.

मुळात हा आजार शरीराचा की मनाचा, हे ओळखण्याची एक साधी खूण आहे. घरी, एकांतात, दार लावून लघवी नेहमीसारखी होत असेल तर मूत्रमार्ग बहुधा निर्दोष असतो. घरीही धार अडखळत असेल, जळजळ, ताप किंवा लघवीत रक्त असेल, तर मात्र डॉक्टरांकडे गेलेच पाहिजे. सर्दीवरील काही गोळ्यांनीही लघवी अडते, हे फारच थोड्यांना ठाऊक असते. ओटीपोट फुगून दुखू लागले आणि काही केल्या लघवी होत नसेल, तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे. तेथे नळी घालून मूत्राशय रिकामे करतात.

मानसरोगशास्त्रात या अवस्थेची गणना सामाजिक भयगंडात केली जाते, आणि भयगंडावर जो उपाय सर्वांत गुणकारी ठरला आहे तोच येथेही लागू पडतो : टाळत आलेल्या प्रसंगाला पायरीपायरीने सामोरे जाणे. पहिली पायरी म्हणजे विश्वासातल्या एका माणसाला सांगणे. रायपुरात भोसल्यांच्या काळापासून आणि पुढे मध्यप्रांताच्या राजवटीत नोकरीनिमित्ताने येऊन स्थायिक झालेली मराठी कुटुंबे बरीच आहेत. अशा घरात हे वडिलांना सांगणे अवघड, आजोबांसमोर तर अशक्यच. थोरला भाऊ, मामा किंवा एखादा जिवलग मित्र चालतो. नंतरचा सराव असा. सुटीच्या दिवशी घरी दोन-तीन पेले पाणी प्यावे आणि भावना चांगली तीव्र होईपर्यंत थांबावे. सोबत्याने बाहेर दूर, अंगणात किंवा दिवाणखान्यात उभे राहावे. लघवी सुरू झाली की दोन-तीन सेकंदांनी ती थांबवावी, बाहेर यावे, काही मिनिटे इकडचे तिकडचे बोलावे. पुढच्या खेपेस सोबत्याने काही पावले जवळ यावे. दोन-चार मिनिटांत लघवी सुरू झाली नाही तर झगडत न बसता परत फिरावे आणि अंतर पुन्हा वाढवावे. त्यात अपयश नाही. पायरी उंच झाली एवढेच. पाण्याचा मात्र अतिरेक करू नये, त्यानेही अपाय होतो.

घरचा सराव पक्का झाला की मित्राचे घर, मग चित्रपट चालू असताना मोकळे पडलेले चित्रपटगृहाचे स्वच्छतागृह, तेलीबांधा तलावाकाठी सकाळची निवांत वेळ, आणि त्यानंतर गर्दीचे रेल्वे स्थानक असा क्रम लावता येतो. प्रत्येक पायरीवर मनातली वाक्येही तपासावी लागतात. “सगळे माझ्याकडे पाहत आहेत” असे वाटते, परंतु रांगेतल्या प्रत्येकाला आपापल्या गाडीची घाई असते. हे काम समुपदेशकाच्या मार्गदर्शनाखाली अधिक सुकर होते. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा दूरध्वनी क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असून तेथे समोरासमोर न बसता बोलता येते. लाजाळू मुलाला ही सोय मानवणारी आहे. अमेरिकेत तर या एकाच अडचणीसाठी १९९६ मध्ये संघटना स्थापन झाली आणि अनोळखी माणसे एकत्र येऊन हाच सराव करू लागली.

शाळेच्या हातीही बरेच असते. मुतारीत दोन जागांमध्ये फरशीचा आडोसा घालण्यास फारसा खर्च येत नाही. तास चालू असताना एखादा मुलगा परवानगी मागतो तेव्हा त्याला एकांत हवा असेल, हे शिक्षकांनी ध्यानात घ्यावे आणि कारण वर्गासमोर विचारू नये. खेळाडू मुलांच्या प्रशिक्षकांना तर हे माहीत असणे अगत्याचे आहे, कारण उत्तेजक द्रव्यांच्या चाचणीसाठी किमान ९० मिलिलिटर लघवी दुसऱ्याच्या देखत द्यावी लागते. नमुना न देता निघून जाणे हा नियमभंग ठरतो. पुरेसा नमुना मिळेपर्यंत थांबण्याची मुभा मात्र असते, आणि अल्पवयीन खेळाडूला आपला प्रतिनिधी सोबत ठेवता येतो.

उन्हाळ्याच्या सुटीत रायपूरहून नागपूरला किंवा आझाद हिंद एक्सप्रेसने पुण्याला आजोळी निघालेल्या कुटुंबात असा मुलगा असेल, तर त्याला पाणी पिण्याचा आग्रह करण्याऐवजी एक वेगळी सोय करावी. गाडी स्थानकात शिरत असताना, उतारू दाराशी गर्दी करतात तेव्हा नव्हे, तर दोन मोठ्या स्थानकांच्या मधल्या पल्ल्यात, रात्री डबा झोपल्यावर त्याने जावे. थोरल्या भावाने डब्याच्या टोकाशी, दारापासून चार पावलांवर उभे राहावे, आणि कोणी कडी वाजवू लागला तर पलीकडच्या शौचालयाकडे बोट दाखवावे.