पट्ट्याचा माग

शीळफाट्यावर कल्याण, मुंब्रा, पनवेल आणि महापे या बाजूंचे रस्ते एकमेकांना मिळतात. मालमोटारींची रीघ तेथे रात्रीही थांबत नाही. तेथून फार दूर नसलेली भिवंडी यंत्रमागांसाठी प्रसिद्ध आहे. विजेवर चालणाऱ्या त्या मागांचा वेग असा, की धागा कोठून कोठे गेला हे डोळ्यांना कळतच नाही. परंतु तेच काम घराच्या खिडकीशी बसून, पुठ्ठ्याचा एक तुकडा आणि थोडे जाड सूत घेऊनही करता येते. दप्तराचे कापड धड असते आणि पट्टा मात्र तुटतो, असे पुष्कळदा घडते. तेव्हा हा माग चांगला उपयोगी पडतो.

कोणत्याही मागाला मुळात दोन गोष्टी साधाव्या लागतात. उभे धागे, म्हणजे ताणा, ताठ धरणे. आणि त्यांचे दोन भाग करून ते आळीपाळीने वरखाली करणे. मग मधल्या वाटेतून आडवा धागा, म्हणजे बाणा, घालता येतो.

पुठ्ठ्याला उभ्या चिरा पाडतात. त्या कडेपर्यंत नेत नाहीत. दर दोन चिरांमधल्या पट्टीच्या मध्यावर एक भोक पाडतात. एक धागा चिरेतून, पुढचा भोकातून, असा सारा ताणा ओवतात. त्याचे एक टोक खिडकीच्या गजाला बांधतात व दुसरे विणणाऱ्याच्या कमरेला. विणणारा मागे रेलला की ताणा ताठ होतो, पुढे झुकला की सैल पडतो. विणणाराच मागाचा अर्धा भाग होतो म्हणा ना! पुठ्ठा उचलला की भोकांतील धागे वर जातात, चिरांतील जागच्या जागी राहतात. बाणा घालून तो फूटपट्टीच्या कडेने ठोकून बसवतात. पुठ्ठा खाली दाबला की भोकांतील धागे खाली जातात आणि बाणा परत येतो.

खरी कसोटी कडांची असते. बाणा एकदा जोराने व एकदा हलक्या हाताने ओढला, तर पट्टा सापासारखा नागमोडी होतो. तो सारख्या जोराने ओढावा, ताण्याचे धागे एकमेकांना भिडवावेत. म्हणजे बाणा आत दडतो आणि सारे ओझे उभे धागे पेलतात. पलंगाची नवार अशीच घट्ट विणलेली असते, म्हणून निजलेल्या माणसाचा भार ती सोसते.

बाणा दिसत नसल्यामुळे रंगांचा विचार ओवतानाच करावा लागतो. भोकांत तांबडे व चिरांत पांढरे धागे घातले तर आडवे पट्टे उमटतात. शेजारचे दोन धागे तांबडे घेतले तर उभी रेघ उमटते.

नागालँडमधील स्त्रिया कमरेला बांधायच्या मागावर शाली विणतात. उत्तर युरोपातील सामी लोकांनी अशाच भोकाच्या व चिरांच्या फण्या रेनडियरच्या शिंगापासून बनवल्या. सेवाग्रामच्या नयी तालीमने तर 1937 नंतर सूतकताई व विणकाम यांना शिक्षणाचा पायाच मानले.

विणताना धागे वरखाली वळत जातात, त्यामुळे पट्टा ताण्यापेक्षा आखूड भरतो. शिवाय पुठ्ठ्यापलीकडचा शेवटचा भाग विणता येत नाही. म्हणून दोन हात पट्टा हवा असेल, तर ताणा तीन हात घ्यावा आणि उरलेल्या टोकांची वेणी घालावी.