अनवाणी पाऊल आणि पायाचे त्वचारोग

मैदानावरचा चिखल, दिवसभर बंद बुटात घामेजलेले पाय आणि संध्याकाळी सामायिक न्हाणीघरात अनवाणी फेऱ्या, या तिन्ही गोष्टी जबलपूरच्या जुलै-ऑगस्टमध्ये एकत्र येतात. एम.आय. रूमसमोर पायाच्या तक्रारी वाढतात त्या याच दिवसांत.

सगळ्यांत सामान्य तक्रार बोटांच्या बेचक्यांची. कातडी पांढरी, भिजकी होते, खाजते, मग चिरते. घरी आपण याला चिखल्या म्हणतो. काही चिखल्या नुसत्या ओलाव्याने होतात, पण पुष्कळदा मागे बुरशी असते. ही बुरशी कातडीच्या वरच्या मृत थरातील केराटिनवर जगते. एकाच्या पायावरून झडलेल्या बारीक कपच्या ओल्या फरशीवर पडतात आणि दुसऱ्याच्या पायाला चिकटतात. अशा कपचीत बुरशी कित्येक महिने टिकू शकते. मात्र कोरड्या, धडधाकट कातडीवर तिचे सहसा काही चालत नाही. देवळात पाच मिनिटे अनवाणी गेल्याने कोणी आजारी पडत नाही. ग्वारीघाटावर नर्मदास्नान करून वर आल्यावर बेचके पुसून कोरडे केले तरी बरेचसे काम होते. धोका आहे तो भिजलेला पाय, त्यावरची चीर आणि अनेकांच्या वापरातली ओली जागा एकत्र येण्यात.

चिखल्यांना क्षुल्लक समजू नये. चिरेतून जिवाणू आत शिरले, तर पाय लाल, गरम होऊन सुजतो आणि थंडी वाजून ताप येतो. त्या वेळी परेड चुकेल म्हणून लपवून ठेवणे हा शूरपणा नव्हे. त्याच दिवशी सिक रिपोर्ट करावा.

मातीतले धोके वेगळे. उघड्यावर शौचास बसण्याच्या जागेजवळच्या ओल्या मातीत अंकुशकृमीच्या अळ्या असतात. त्या पायाची कातडी भेदून आत जातात, रक्तातून फुप्फुसात आणि तिथून आतड्यात पोहोचतात. सुरुवातीला पायाला थोडी खाज सुटते. पुढे रक्तक्षय होतो, आणि त्याचा पायाशी संबंध आहे हे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

याहून कपटी रोग म्हणजे मायसेटोमा. 1842 मध्ये मदुरा, म्हणजे आजचे मदुराई, येथील दवाखान्यातून त्याचे वर्णन झाले, म्हणून त्याला मदुरा फूट असेही म्हणतात. त्याचा सखोल अभ्यास झाला तो आपल्या मुंबई इलाख्यात. 'ग्रेज अ‍ॅनॉटॉमी' या प्रसिद्ध ग्रंथाच्या 1858 च्या पहिल्या आवृत्तीतील चित्रे काढणारे हेन्री व्हॅनडाइक कार्टर त्याच वर्षी मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजात ते शरीररचना शिकवीत, पुढे काही वर्षे साताऱ्याला सिव्हिल सर्जन होते. हा रोग बुरशीचा आहे असे त्यांनी मांडले आणि 1874 मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. काही रुग्णांत कारण बुरशी नसून जिवाणू असतो, हे नंतर कळले. 2016 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मायसेटोमाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत घेतले. 'दुर्लक्षित' हा शब्द अगदी योग्य आहे, कारण हा रोग होतो तो बहुधा अनवाणी राबणाऱ्या शेतकऱ्याला आणि गुराख्याला.

काटा रुततो, त्याबरोबर मातीतला जंतू आत जातो. काटा निघतो, जखम भरते, माणूस विसरतो. काही महिन्यांनी, कधी वर्षांनी, तिथे कठीण गाठ येते. ती बहुधा दुखत नाही आणि घात होतो तो इथेच. दुखत नाही म्हणून नांगर, पाणी, मळणी सारे चालू राहते. मग गाठीला तोंडे फुटतात, स्राव वाहतो, जंतू हाडापर्यंत जातात. जिवाणूंचा प्रकार प्रतिजैविकांनी बहुधा चांगला बरा होतो. बुरशीच्या प्रकाराला अनेक महिने औषध लागते, शस्त्रक्रिया करावी लागते, आणि फार उशीर झाला तर पाय कापावा लागतो.

आपल्यापुरते सांगायचे तर न्हाणीघरात रबरी चप्पल घालावी आणि ती स्वतःचीच असावी. अंग पुसताना पाय शेवटी पुसावेत. पायाला बुरशी झाली असेल तर अंतर्वस्त्राआधी मोजे चढवावेत, नाहीतर तीच बुरशी जांघेत जाते. भिजलेले बूट नीट वाळल्याखेरीज पुन्हा घालू नयेत. औषधाच्या दुकानातून मित्राने सुचवलेली 'सगळ्यावर चालणारी' ट्यूब आणू नये. तिच्यात स्टेरॉइड असेल तर खाज दोन दिवसांत थांबते आणि बुरशी खाली पसरत राहते. डॉक्टरांनी दिलेले मलम खाज गेल्यावरही सांगितलेल्या मुदतीपर्यंत लावावे.

आपल्यातील अनेकांचे वडील आजही रात्री अनवाणी पिकाला पाणी देतात. सुट्टीत घरी गेलात की त्यांचे तळवे उजेडात पाहा. मधुमेह असेल तर अधिकच नीट पाहा, कारण पायाची संवेदना कमी झालेली असली तर काटा रुतलेलाही कळत नाही. न दुखणारी गाठ, तिच्यावर बारीक तोंडे आणि स्रावात काळे, पांढरे, पिवळे किंवा तांबडे दाणे दिसले तर जिल्हा रुग्णालयात न्यावे. दाणे दिसत नसतील तर रात्री त्यावर स्वच्छ गॉज बांधावा आणि सकाळी तोच न धुता डॉक्टरांना दाखवावा. दाणे बहुधा त्याला चिकटलेले सापडतात.